शोरूममधला रंग, पांदणीतला रंग

बुलढाणा जिल्ह्यात एमएच २८ पासिंगची मोठी गाडी घ्यायची ठरली की इंजिन, हप्ता, मायलेज यांचा निकाल लवकर लागतो. अडतं ते रंगावर. तिथे प्रत्येकाला मत असतं, अगदी ज्याला गाडीत मागच्या सीटवर कोपऱ्यात बसायचं असतं त्यालाही.

माझे भाऊजी संग्रामपूर तालुक्यातले. कपाशी, सोयाबीन, थोडी संत्री. त्यांच्यासोबत खामगावला गाडी पाहायला गेलो तेव्हा भाच्याने आधीच काळा रंग पक्का केला होता. शोरूममध्ये काळी गाडी दिसतेही तशीच. छतभर एलईडीच्या पट्ट्या, नुकतंच मारलेलं पॉलिश, बॉनेटमध्ये आपला चेहरा. सेल्समनने शेड कार्ड पुढे केलं. काडेपेटीएवढ्या तुकड्यावरून सव्वाचार मीटरची गाडी डोळ्यांपुढे आणायची, हा प्रकार मला कधी पटलेला नाही. "गाडी उन्हात काढता का?" म्हटलं तर त्याने जरा नाखुशीने चावी मागवली.

उन्हात दोन गोष्टी दिसल्या. रोज फडक्याने पुसून पुसून काळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा उमटल्या होत्या. आत त्या लपल्या होत्या. शेजारच्या चंदेरी गाडीचं बॉनेट लखलखत होतं, तर तिचाच दरवाजा बाजूने मळकट वाटत होता. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात. ते पत्र्यावर आडवे बसतात आणि बघणारा जसा सरकेल तसा उजेड परत फेकतात. असा रंग पाहायचा तर गाडीभोवती चक्कर मारूनच पाहावा.

"काळी कायले घेता भाऊ, धुता धुता जीव जाईन," असं पार्किंगमधल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने न विचारता सांगितलं. सेल्समनपेक्षा त्याला जास्त कळत होतं. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा हा पूर्णेच्या काठचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. बोअरच्या पाण्याने गाडी धुवून उन्हात तशीच सोडली की पाणी उडून जातं आणि क्षारांचे पांढरे ठिपके मागे राहतात. पांढऱ्या गाडीवर ते दिसत नाहीत, काळीवर देवी आल्यासारखे दिसतात. त्यात शेताची पांदण. दोन्ही बाजूंनी बाभळीच्या फांद्या दारं खरवडतात. हा ओरखडा बहुतेक वेळा वरच्या पारदर्शक थरातच, म्हणजे क्लिअर कोटमध्ये असतो आणि तो पांढुरका दिसतो. गडद रंगावर लांबूनही मोजता येतो. धूळ, ओरखडे, पाण्याचे डाग, सगळं सर्वात जास्त पोटात घालतो तो चंदेरी किंवा मध्यम राखाडी. पांढरा काळ्या मातीच्या चिखलात मार खातो, पण ते पावसाळ्यापुरतं.

मग ऊन. घाटावर, म्हणजे बुलढाणा-चिखलीकडे, हवा जरा बरी असते. घाटाखाली मलकापूर-खामगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा चव्वेचाळिशीला टेकतो. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०११ साली एकाच मॉडेलच्या काळ्या आणि चंदेरी गाड्या उन्हात उभ्या करून मोजणी केली होती. चंदेरीचं छत काळीपेक्षा २५ अंशांपर्यंत थंड निघालं आणि आतली हवा ५-६ अंशांनी. म्हणून हल्ली पांढऱ्या गाडीला काळं छत घेण्याची जी फॅशन आहे ती मला उलटीच वाटते. ऊन झेलतं ते छतच!

खरी परीक्षा मात्र पेंटरकडे होते. खामगावातल्या एका गॅरेजात मी निवांत बसून हे काम पाहिलं आहे. कारखान्यात पत्रा आधी विजेच्या भाराने गंजरोधक रंगात बुडवतात, मग प्रायमर, रंग, क्लिअर, आणि मध्ये-मध्ये भट्टी. शेवटच्या थराची भट्टी सुमारे १४० अंशांची. सगळे थर मिळून जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. गॅरेजात ती भट्टी नसते, कारण तोवर गाडीत प्लास्टिक, वायरी, काचा बसलेल्या असतात. पेंटर आधी पोचा काढतो, लांबी भरतो, पाण्याचा पेपर मारतो. मग गाडीवरच्या स्टिकरवरून कलर कोड घेऊन रंग तोलून बनवतात. पण कोड तोच असला तरी ऊन खाल्लेली गाडी तीच नसते. म्हणून तो एका पत्र्याच्या तुकड्यावर फवारा मारतो, वाळू देतो आणि दाराला लावून बाहेरच्या उजेडात बघतो. पुन्हा दोन थेंब काळा, पुन्हा फवारा. मेटॅलिकमध्ये गनचं प्रेशर किंवा अंतर बदललं तरी शेड बदलते. मोतिया पांढऱ्याचं नाव काढताच तो हसला. त्यात खालचा रंग आणि क्लिअर यांच्यामध्ये अभ्रकाचा आणखी एक थर असतो. तो एक हात जास्त बसला की दार वेगळं, फेंडर वेगळं. साधा पांढरा मात्र त्याने दुपारच्या चहाआधी जुळवला.

कायद्याचंही थोडं लक्षात ठेवावं. रंग आरसी बुकात नोंदलेला असतो. पुढे हौस आली म्हणून परस्पर बदलता येत नाही. लष्करी ऑलिव्ह ग्रीन तर खासगी गाडीला चालतच नाही. भगव्या, निळ्या, हिरव्याला गावात लगेच पक्ष चिकटतो, तो भाग निराळा.

भाऊजींनी शेवटी पांढरी बुक केली, भाचा आठवडाभर बोलला नाही. माझं मत विचाराल तर गाडी शेतात जाणार असेल आणि डेंटिंग-पेंटिंग गावाजवळच करायचं असेल, तर साधा सॉलिड पांढरा घ्या, मोतिया नको. शहरात सावलीत उभी राहणार असेल तर हवा तो रंग घ्या. फक्त टोकन भरण्याआधी त्या रंगाची वर्षभर वापरलेली गाडी दुपारच्या उन्हात, न धुतलेली, एकदा बघून या.