‘पीएम किसानचा हप्ता अडकलाय’ असा फोन आला? आधी हे वाचा

‘तुमचा हप्ता अडकलाय, व्हॉट्सअॅपवर फाईल पाठवलीय, त्यात केवायसी करा.’ असा फोन आला की भलेभले गडबडतात. पण ती एपीके फाईल मोबाईलमध्ये टाकून परवानग्या दिल्या, की ते अॅप तुमचे मेसेज वाचू लागतं. मग ओटीपी तुम्ही सांगितला नाही तरी चोराला मिळतो.

पीएम किसानची केवायसी सरकारी पोर्टलवर, अधिकृत अॅपवर किंवा सीएससी केंद्रात होते. शंका आली तर फोन ठेवा आणि केंद्रात जाऊन विचारा. आणखी एक लक्षात ठेवा, पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून जाणार.

लोन, विमा विकणाऱ्यांचे फोन नको असतील तर १९०९ वर फोन करून डीएनडी सुरू करा. मात्र चोर साध्या नंबरवरून फोन करतात, त्यामुळे डीएनडी असलं तरी सावध राहा.

फाईल उघडलीच असेल तर मोबाईलचं नेट लगेच बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खात्याचे व्यवहार थांबवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर तक्रार करा. पैसे पुढच्या खात्यात फिरवण्याआधी तक्रार झाली तर ते रोखता येतात. ‘लोक हसतील’ म्हणून गप्प बसू नका. त्या वेळात पैसे आणखी लांब जातात.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आजच सांगा.