संघाचे दार आणि संघातील आसन

बौद्ध परंपरेत बुद्ध आणि धम्म यांच्या बरोबरीने संघालाही शरण जाण्याची रीत आहे. त्यामुळे संघात कोणाला प्रवेश मिळतो, कोणाला मान मिळतो आणि निर्णय कोणाच्या हाती राहतो, हे प्रश्न संस्थेच्या कारभारापुरते उरत नाहीत, ते थेट धर्माच्या गाभ्याशी जाऊन भिडतात. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक, म्हणजे तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त, महाराष्ट्रात राहतात आणि त्यांतील बहुतेकांचा बौद्ध वारसा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील १९५६ च्या धम्मदीक्षेपासून सुरू होतो. जातिव्यवस्थेने दूर लोटलेल्या माणसांनी उभारलेला हा समाज सर्वांसाठी खुला असावा, ही अपेक्षा त्याच्या जन्मातच आहे. ही अपेक्षा कशाने पुरी होते आणि कशाने अडते याचा शोध घेताना बौद्ध इतिहास एक गोष्ट वारंवार दाखवून देतो: समता सद्भावनेवर सोडली की विरते आणि नियमात बांधली की टिकते.

विनयाने घातलेला पाया

संघाच्या शिस्तीचे नियम आणि ते कोणत्या प्रसंगातून आले याच्या हकीकती ज्या पाली ग्रंथसमूहात आहेत, त्याला विनयपिटक म्हणतात. त्यातील चुल्लवग्ग या भागात अनुरुद्ध, भद्दिय, आनंद आदी शाक्य कुमार आणि त्यांचा न्हावी उपाली हे एकाच वेळी प्रव्रज्येसाठी, म्हणजे गृहत्यागाच्या दीक्षेसाठी, बुद्धांकडे आल्याचे वर्णन आहे. उपालीला आपल्या आधी दीक्षा द्यावी, म्हणजे त्याला वंदन करताना आपला शाक्यपणाचा अभिमान गळून पडेल, अशी विनंती त्या कुमारांनीच केली. संघातील ज्येष्ठता कुळावरून किंवा वयावरून न ठरता दीक्षेच्या काळावरून ठरत असल्याने ही विनंती एका दिवसापुरती राहिली नाही. न्हाव्याला राजकुळातील माणसांनी कायम ज्येष्ठ मानावे, अशी व्यवस्थाच तिच्यातून निर्माण झाली. पुढे राजगृह येथे भरलेल्या पहिल्या संगीतीत, म्हणजे बुद्धवचनांच्या सामूहिक संकलनासाठी झालेल्या सभेत, विनयाविषयीचे प्रश्न विचारण्यात आले ते याच उपालीला. प्रवेश, मान आणि ज्ञानाचा अधिकार या तिन्ही पायऱ्या तो चढला आणि यातच त्या व्यवस्थेचे मोठेपण आहे.

थेरगाथा या भिक्षूंच्या पद्यसंग्रहात वाळलेली फुले झाडून काढणाऱ्या हीन मानलेल्या कुळातील सुनीत स्थविर आणि थेरीगाथा या भिक्षुणींच्या पद्यसंग्रहात पाणी वाहणारी दासी पुण्णा यांच्या रचना आहेत. महानद्या समुद्राला मिळाल्यावर आपले नाव सोडतात, तसे चारही वर्णांचे लोक संघात आल्यावर आपले पूर्वीचे नाव-गोत्र सोडतात, हा अंगुत्तर निकायातील दृष्टान्त याच वस्तुस्थितीचे तत्त्व सांगतो. संघाचा कारभारही सामूहिक होता: ठराव मांडण्याची रीत, गणपूर्ती, मतभेद असल्यास शलाका म्हणजे मतदानाच्या काड्या वाटून कौल घेणे, या गोष्टी विनयात सविस्तर आल्या आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतीय लोकशाहीच्या प्राचीन वारशाचा दाखला म्हणून भिक्षुसंघाच्या याच कार्यपद्धतीचा उल्लेख केला.

मात्र या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे अभ्यासाशी प्रामाणिक ठरणार नाही. विनयपिटकाच्याच महावग्ग या भागात पळून आलेले दास, कर्जदार आणि राजसेवेतील सैनिक यांना प्रव्रज्या देण्यास मनाई आहे. काही व्याधींनी ग्रस्त असलेल्यांना, शारीरिक व्यंग असलेल्यांना आणि ‘पंडक’ या संज्ञेखाली मोडणाऱ्या, रूढ पुरुषत्वाच्या चौकटीत न बसणाऱ्या व्यक्तींनाही संघाचे दार बंद होते. राजसत्तेशी आणि धनिकांशी संघर्ष टाळण्याची, तसेच दानावर जगणाऱ्या संघाची लोकांतील प्रतिष्ठा जपण्याची निकड या नियमांमागे दिसते. संघाने जातीची भिंत ओलांडली, पण भोवतालच्या समाजाने घातलेल्या सर्वच भिंती त्याला ओलांडता आल्या नाहीत.

नियम ढळले तेव्हा

श्रीलंकेत क्षीण झालेली भिक्षुपरंपरा १७५३ मध्ये सयामहून आलेल्या भिक्षूंच्या साहाय्याने पुन्हा सुरू झाली आणि तिला सियाम निकाय हे नाव मिळाले. निकाय म्हणजे भिक्षूंचा स्वतंत्र संप्रदाय. परंतु थोड्याच काळात या निकायातील उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्षुत्वाची दीक्षा, गोविगम या जमीनधारक शेतकरी जातीपुरती मर्यादित करण्यात आली. तेव्हा इतर जातींतील श्रामणेर, म्हणजे उपसंपदा न झालेले शिकाऊ भिक्षू, समुद्र ओलांडून ब्रह्मदेशातील अमरपुरा येथे गेले, तेथे उपसंपदा घेऊन १८०३ मध्ये परतले आणि त्यांच्यापासून अमरपुर निकाय सुरू झाला. जातिभेद नाकारणाऱ्या बुद्धाच्या संघात, बौद्ध राजाच्या राज्यात, जात परत येऊ शकते, हा धडा कोणत्याही बौद्ध समाजाने विसरण्यासारखा नाही.

स्त्रियांच्या बाबतीत झीज याहून खोल होती. बुद्धांची मावशी महाप्रजापती गौतमी हिच्या आग्रहाने भिक्षुणीसंघ स्थापन झाला खरा. पण परंपरेनुसार त्यासोबत आठ गुरुधम्म, म्हणजे भिक्षुणींना भिक्षूंच्या अधीन ठेवणारे नियम, आले आणि उपसंपदेला शंभर वर्षे झालेली भिक्षुणीही त्याच दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करील, असे ठरले. उपालीच्या वेळी कुळाभिमानावर मात करणारे ज्येष्ठतेचे तत्त्व स्त्रीपुरुषांमध्ये मात्र लागू झाले नाही. श्रीलंकेतील भिक्षुणीपरंपरा साधारण अकराव्या शतकात खंडित झाली आणि दीक्षा देण्यासाठी आधीच्या भिक्षुणी हव्यात या नियमामुळे थेरवादी, म्हणजे पाली परंपरा मानणाऱ्या, देशांत ती शतकानुशतके बंद राहिली. १९९६ मध्ये सारनाथ येथे आणि १९९८ मध्ये बोधगया येथे पूर्व आशियातील अखंड परंपरेच्या भिक्षुणींच्या सहभागाने श्रीलंकेच्या स्त्रियांना उपसंपदा मिळाली, तेव्हा कुठे हे दार पुन्हा उघडले. थायलंडमध्ये मात्र १९२८ च्या संघादेशाने भिक्षूंना स्त्रियांना दीक्षा देण्यास मनाई केली.

नागपूरची धम्मदीक्षा

या पार्श्वभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेतील नवेपण स्पष्ट होते. कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून डॉ. आंबेडकर आणि सारस्वत ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या त्यांच्या पत्नी सविताबाई यांनी त्रिशरण-पंचशील घेतले. त्यानंतर बाबासाहेबांनी स्वतः, म्हणजे एका गृहस्थ उपासकाने, लाखो स्त्रीपुरुषांना एकत्र दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की भिक्षूंसाठी संघदीक्षा होती, परंतु उपासकांसाठी स्वतंत्र दीक्षाविधी नव्हता आणि ही मोठी उणीव होती. धम्मदीक्षेने ती भरून निघाली. तिला ना कुळाची अट आहे, ना लिंगाची, ना शरीराची. महावग्गातील निर्बंध तिला लागू होत नाहीत. भिक्षुसंघाला जितके व्यापक होता आले नाही तितके व्यापक होण्याची क्षमता उपासकांच्या समाजाला या एका विधीने दिली.

ही क्षमता प्रत्यक्षात किती उतरली, याचे उत्तर संमिश्र आहे. १९५१ मध्ये काही हजारांत असलेली महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या १९६१ मध्ये सुमारे २८ लाख झाली, पण दीक्षा घेणारे प्रामुख्याने महार समाजातील होते. मातंग, चर्मकार आदी जातींचा मोठा भाग बाहेरच राहिला. भटक्या-विमुक्तांनी २००७ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लक्ष्मण माने यांच्या पुढाकाराने घेतलेली दीक्षा हे वर्तुळ वाढवण्याचे महत्त्वाचे पाऊल होते. तरीही विहाराच्या कार्यकारिणीत, धम्मप्रवचनाच्या आसनावर आणि विशेषतः विवाहसंबंधांत जुन्या पोटजातींच्या रेषा अनेक ठिकाणी पुसलेल्या नाहीत. वस्तीतील विहार झाडणे, आषाढी पौर्णिमेपासून सुरू होणाऱ्या वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातील तीन महिन्यांत, ग्रंथवाचनाला नियमाने बसणे, वर्गणी जमवणे ही कामे बहुतांशी महिला मंडळे करतात. बाबासाहेबांच्या स्नुषा मीराताई आंबेडकरांनी भारतीय बौद्ध महासभेचे नेतृत्व दीर्घकाळ केले. असे असूनही अनेक विहारांत अध्यक्षपद आणि बौद्धाचार्याची, म्हणजे विवाहादी संस्कार करणाऱ्या उपासकाची, भूमिका आजही पुरुषांकडेच जाते.

दोन वाटा

पुण्यात १९७९ मध्ये सुरू झालेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने वेगळी रचना स्वीकारली. इंग्लंडमध्ये संघरक्षितांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या संघाशी जोडलेल्या आणि आता त्रिरत्न या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या परंपरेत भिक्षू आणि उपासक असा भेद नाही. धम्मचारी आणि धम्मचारिणी यांची दीक्षा एकाच दर्जाची असते आणि स्त्रियांना दीक्षा स्त्रियाच देतात. तिच्याच नागपूरच्या नागार्जुन प्रशिक्षण संस्थेत निरनिराळ्या राज्यांतून आलेले तरुण-तरुणी एकत्र राहून धम्म शिकतात, आणि सहवासातून जात विरघळवण्याचा हा एक ठोस प्रयोग ठरतो. मात्र याच परंपरेत संघरक्षितांच्या लैंगिक वर्तनाविषयी गंभीर आक्षेप पुढे आले आणि २०१६ च्या अखेरीस त्यांनी जाहीर खेद व्यक्त केला. समान दीक्षेच्या जोडीला गुरूलाही जाब विचारणारी यंत्रणा हवी, हे त्यातून दिसले.

दुसरी वाट सत्यनारायण गोयंका यांच्या विपश्यना या ध्यानपद्धतीच्या केंद्रांची. इगतपुरीच्या धम्मगिरीत सर्व धर्मांचे आणि जातींचे लोक एकाच दिनक्रमात आणि शुल्काविना राहतात. खर्च पूर्वीच्या साधकांच्या दानातून चालतो. प्रवेशाची समता येथे लक्षणीय आहे, परंतु दहा दिवसांच्या शिबिरानंतर साधक आपापल्या घरी, आपापल्या जातीच्या वर्तुळात परततात. आंबेडकरी विहाराकडे सुखदुःखात धावून येणारा समाज आहे, तर विपश्यना केंद्राकडे सर्व थरांतून येणारा साधकवर्ग. एकाजवळ जे आहे त्याची दुसऱ्याला गरज आहे.

कसोटी आणि कर्तव्य

उपालीच्या वाटचालीतून आणि संघाच्या सामूहिक कारभारातून दिसणाऱ्या तीन पायऱ्या आजच्या कोणत्याही बौद्ध संस्थेला कसोटी म्हणून लावता येतात: दाराशी कोण येऊ शकतो, आसनावर बसून धम्म कोण सांगतो आणि ठरावावर मत कोण देतो. पहिली पायरी बहुतेक विहारांनी गाठली आहे; पुढच्या दोन अजून गाठायच्या आहेत. त्यासाठी कार्यकारिणीत निम्म्या जागा स्त्रियांना द्याव्यात, वर्षावासातील वाचनाचे आसन फिरते ठेवून मातंग, भटके-विमुक्त आणि इतर मागासवर्गीय धम्मबांधवांना तेथे सन्मानाने बसवावे, अपंग आणि तृतीयपंथी व्यक्तींना अडथळ्याविना येता येईल अशी सोय करावी, आंतरजातीय विवाहांना विहाराने स्वतः पाठबळ द्यावे आणि हिशेब व तक्रारी यांचे नियम लेखी असावेत. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नव्या तत्त्वज्ञानाची गरज नाही, कारण तत्त्व विनयात आहे आणि अधिकार धम्मदीक्षेने दिलेला आहे. येत्या वर्षावासाच्या आधी प्रत्येक विहाराने आपल्या कार्यकारिणीची यादी या तीन प्रश्नांसमोर ठेवून तपासावी आणि जिथे उत्तर अपुरे आहे तिथे ठराव करून बदल घडवावा.