उमेदवार ऐनवेळी बदलला, तर पैशांचा हिशेब कुणी द्यायचा?

२०२४ च्या लोकसभेत दोन ठिकाणी काँग्रेसवर ऐनवेळी पेच आला. रामटेकमध्ये रश्मी बर्वे यांचा अर्ज छाननीत बाद झाला, पण पर्यायी उमेदवार म्हणून पती श्यामकुमार बर्वे यांचा अर्ज भरलेला होता. ते लढले आणि जिंकले. इंदूरमध्ये मात्र अक्षय कांती बम यांनी २९ एप्रिलला, माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज काढून घेतला. पर्यायी उमेदवाराचा अर्ज छाननीतच बाद झाला होता. 'पंजा' मशीनवर आलाच नाही आणि 'नोटा'ला २ लाख १८ हजारांवर मते पडली.

पर्यायी नाव पक्षाच्या 'बी' फॉर्ममध्येच द्यावे लागते. हा फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत पोचला पाहिजे. त्यानंतर नवे नाव घुसवता येत नाही.

आता पैशांचं. खर्चाची मर्यादा उमेदवाराला असते, पक्षाला नाही. २०२२ पासून मोठ्या राज्यांत लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. गोव्यात अनुक्रमे ७५ आणि २८ लाख. अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा खर्च यात धरला जातो. आधी छापून ठेवलेली पत्रकं नंतर वाटली, तर तीही हिशेबात येतात.

प्रत्येक उमेदवाराला अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. घरातल्या माणसाबरोबर संयुक्त खातं चालत नाही. तो निवडणूक प्रतिनिधी असेल तरच चालतं. म्हणजे नवरा-बायको एकमेकांचे पर्याय असले, तरी खाती दोन आणि वह्याही दोन.

निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा, तो प्रत्यक्ष रिंगणात राहिलेल्याने. सबळ कारण नसताना चुकवला, तर आयोग ३ वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. ज्याने माघार घेतली, त्याला हे बंधन लागू नाही.

देणगीदारांनी एवढं ध्यानात ठेवावं. पक्षाच्या खात्यात दिलेली रक्कम पक्षाकडेच राहते, नव्या उमेदवाराला ती पक्ष देऊ शकतो. चेकने किंवा ऑनलाइन दिली, तर आयकरात वजावटही मिळू शकते. उमेदवाराला वैयक्तिक दिलेल्या पैशाला ती सवलत नाही, आणि उमेदवार बदलला म्हणून ते आपोआप नव्या माणसाकडे जात नाहीत. त्यामुळे चेक फाडण्याआधी तो नेमका कुणाच्या नावाने लिहितोय, हे बघितलेलं बरं.