जन्मानंतरचे पहिले चोवीस तास

कर्करोगावर लस कधी निघणार, असे लोक विचारतात. यकृताच्या कर्करोगापुरते बोलायचे तर त्याच्या एका मोठ्या कारणावरची लस निघून चाळीस वर्षे उलटून गेली. तिच्या कुपीवर कर्करोगाचे नाव नाही, ‘हिपॅटायटिस बी’ असे लिहिलेले असते, एवढेच.

तिचा उगम भलत्याच शोधात आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ बारूच ब्लमबर्ग निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातले आनुवंशिक फरक तपासत होते. हिमोफिलियाच्या एका रुग्णाला वारंवार दुसऱ्यांचे रक्त दिले गेले होते. त्याच्या रक्तद्रवाची ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तद्रवाशी प्रक्रिया झाली. १९६५ मध्ये जाहीर झालेले हे ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणजे कावीळ आणणाऱ्या एका विषाणूचे बाह्य आवरण आहे, हे पुढे उलगडले. त्याच आवरणापासून लस तयार झाली. ब्लमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले.

या विषाणूचा कर्करोगाशी असलेला संबंध ठसठशीतपणे दिसला तो तैवानमध्ये. पामर बीझली आणि सहकाऱ्यांनी २२,७०७ पुरुषांचे रक्त तपासून पुढची काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. त्यांतले ३,४५४ जण विषाणूचे वाहक होते. १९८१ मध्ये निष्कर्ष छापले गेले, तोवर यकृताच्या कर्करोगाने ४१ जण दगावले होते. त्यांतले ४० वाहकांपैकी होते.

हे घडते कसे? विषाणूचा डीएनए कधी कधी यकृतपेशीच्या डीएनएमध्ये घुसतो. शिवाय रोगप्रतिकारशक्ती बाधित पेशी मारत राहते आणि यकृत त्यांच्या जागी नव्या घडवत राहते. या रहाटगाडग्यात डीएनएची नक्कल करतानाच्या चुका वर्षानुवर्षे साठत जातात. म्हणून कर्करोग प्रौढपणी दिसला, तरी लागण बहुधा बाळपणीची असते. मोठ्या वयात लागण झालेले बहुतेक जण विषाणूला हुसकावून लावतात. जन्मताना लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांत तो मुक्काम ठोकतो.

तैवानने १९८४ मध्ये वाहक मातांच्या बाळांपासून लसीकरण सुरू केले आणि दोन वर्षांनी ते सर्व नवजातांना लागू केले. ६ ते १४ वर्षांच्या मुलांत यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण १९८१-८६ मध्ये लाखामागे ०.७० होते, १९९०-९४ मध्ये ते ०.३६ वर आले.

आपल्या राष्ट्रीय लसीकरणात या लसीचा पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यायचा असतो. वाहक आई ठणठणीत दिसू शकते, आणि विषाणू बाळंतपणातच बाळापर्यंत पोचतो. पेंटाव्हॅलंट लस सुरू होते सहाव्या आठवड्याला. तोवर थांबणे म्हणजे विषाणूला मोकळे रान देणे. आधीच वाहक असलेल्यांना या लसीचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी नियमित तपासणी आणि गरजेनुसार विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आहेत.

म्हणून गरोदरपणात या विषाणूची रक्ततपासणी झाली का, हे विचारावे. आणि बाळ-बाळंतीण घरी निघण्यापूर्वी लसीकरणाच्या कार्डावर या पहिल्या डोसची नोंद आहे ना, ते पाहावे.