चार जाड तारा, स्वस्त वाद्य आणि मोठे वादक

ऑर्केस्ट्राच्या मंचावर गायकाच्या मागे, ऑक्टोपॅडच्या शेजारी एक जण लांब दांडीची, चारच तारांची गिटार गळ्यात अडकवून उभा असतो. टाळ्या गायकाला पडतात, शिट्ट्या ढोलकीवाल्याला. हा मात्र कार्यक्रम संपला की वायर गुंडाळून मुकाट्याने निघून जातो. पण एखाद्या रात्री तो आला नाही, तर गाणे पोकळ वाटते, हे पहिल्या रांगेतल्या आजीबाईंनाही जाणवते. काय कमी आहे ते मात्र त्यांना सांगता येत नाही. ते वाद्य म्हणजे बेस गिटार.

आम्ही या वाद्याचे हौशी वादक. पोटापाण्याचा धंदा वेगळा. वाजवणे सुट्टीच्या दिवशी आणि रात्री जेवणे आटोपल्यावर. तरीही वस्तीत कोणाच्या मुलाने गिटारचे नाव काढले की माणसे आमच्याकडे येतात. मागच्या वर्षी शेजारच्या एक वहिनी आल्या. मुलगा एकोणीस वर्षांचा, मित्रांच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो, ठेका चांगला आहे. त्याला अमेरिकन नावाचे ऐंशी हजारांचे वाद्य हवे होते आणि पतपेढीचा फॉर्मही त्याने आणून ठेवला होता. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, तुम्ही वाजवता म्हणून विचारते. एवढे पैसे लाकडाचे की नावाचे?’

प्रश्न अगदी नेमका होता. त्याचे उत्तर दुकानदाराला विचारण्यापेक्षा ज्यांनी हे वाद्य जगात गाजवले त्यांच्या हातात काय होते, ते पाहावे.

आधी वाद्याची जन्मकथा. पूर्वी खर्जाचे सूर वाजवायला माणसाहून उंच असे लाकडी वाद्य असे, डबल बेस. ते नेणे-आणणे कष्टाचे आणि ढोल-ताशांच्या गलक्यात त्याचा आवाज दबून जाई. कॅलिफोर्नियातले लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे विशेष. त्यांनी १९५१ साली चार तारांचे, विजेवर चालणारे, गळ्यात अडकवता येईल असे बेस काढले. दांडीवर सतारीच्या पडद्यांसारख्या धातूच्या पट्ट्या बसवल्या, त्यांना फ्रेट म्हणतात. बोट फ्रेटच्या मागे टेकले की सूर अचूक लागतो. म्हणून त्याचे नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक. साधी फळी, स्क्रूने जोडलेली दांडी, खराब झाली तर बदलता येईल अशी. हे वाद्य मुळात कामकरी वादकासाठीच बनले होते. आज त्याच नावाच्या पाटीला दागिन्याचा भाव आला आहे, ही गोष्ट वेगळी.

आता बीटल्सचे पॉल मॅकार्टनी. १९६१ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात ते क्लबमध्ये रात्र-रात्र वाजवत होते. फेंडर बेस सुमारे शंभर पौंडांना होते, ते परवडणारे नव्हते. त्यांनी तीसेक पौंडांना हॉफ्नर नावाच्या जर्मन कंपनीचे, व्हायोलिनच्या आकाराचे हलके बेस घेतले. मॅकार्टनी डावखुरे, आणि दोन्ही बाजू सारख्या असल्याने हे वाद्य उलटे धरले तरी विचित्र दिसत नसे, हेही एक कारण. त्याच स्वस्त वाद्यावर बीटल्सची सुरुवातीची गाणी जगभर गेली. १९७२ साली ते लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेले आणि पन्नास वर्षांहून अधिक काळाने सापडून मालकाला परत मिळाले. २०२४ च्या फेब्रुवारीत ती बातमी जाहीर झाली.

पण आमच्या मते या वाद्याचा खरा गुरू जेम्स जेमर्सन. त्याच्याविषयी जरा सविस्तर सांगितले पाहिजे.

जेमर्सन १९३६ साली अमेरिकेच्या दक्षिणेत, साउथ कॅरोलिना राज्यात एका काळ्या कुटुंबात जन्मला. लहानपणी त्याने एका काठीला रबर ताणून बांधले, ती काठी मुंग्यांच्या वारुळात खोचली आणि मुंग्यांना नाचवायला म्हणून तो ती वाजवत बसे, असे सांगतात. आपल्याकडे पत्र्याच्या डब्याला तार लावून पोरे तुणतुणे करतात, त्याचाच हा भाऊ. १९५४ साली तो डेट्रॉइटला आला. मोटारींच्या कारखान्यांचे ते शहर. दक्षिणेतून काळी कुटुंबे कामासाठी तिथे लोटत होती. तिथल्या शाळेत तो डबल बेस शिकला.

याच शहरात बेरी गॉर्डी नावाच्या तरुणाने, जो मोटारीच्या असेंब्ली लाइनवर काम करून आला होता, १९५९ साली घरच्यांकडून आठशे डॉलर कर्ज घेऊन गाण्यांची कंपनी काढली. तीच पुढे मोटाउन म्हणून प्रसिद्ध झाली. स्टुडिओ म्हणजे एक साधे राहते घर. त्यात जमलेल्या वादकांच्या ताफ्याला ‘फंक ब्रदर्स’ म्हणत आणि त्यांच्या गाण्यांचा पाया जेमर्सन घालत असे.

त्याचे वाद्य १९६२ सालचे प्रिसिजन बेस. त्यावर जाड, सपाट गुंडाळीच्या तारा होत्या, आणि तुटल्याशिवाय त्या तो बदलत नसे. वर्षानुवर्षांचा घाम आणि मळ बसलेल्या त्या तारांमुळेच सूर घुमतो, असे त्याचे मत. घोडीच्या झाकणाखाली स्पंजाचा तुकडा असे, त्यामुळे आवाज लांबत न राहता टपटप पडे. आणि वाजवायचा किती बोटांनी? उजव्या हाताच्या एका तर्जनीने! सोबती त्या बोटाला ‘आकडा’ म्हणत. आज शिकवणीत दोन बोटांचा, तीन बोटांचा आग्रह धरला जातो. शिकावे जरूर, पण एका बोटाने काय झाले तेही ऐकावे. गायकाची ओळ संपून दुसरी सुरू होण्यापूर्वी जी फट असते, तिथे तो खालून बोलून घेई आणि गायक आला की लगेच बाजूला होई. चांगला ढोलकीवाला शाहिराला जागा देतो, तसेच हे.

इतके करून रेकॉर्डवर या वादकांची नावे नसत. गाणे लाखो घरांत वाजे, गायकाचे चित्र पाकिटावर, वाजवणारे अनामिक. १९७१ साली मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या रेकॉर्डवर मोटाउनने या वादकांची नावे प्रथम छापली. आपल्याकडच्या गाण्यांच्या कॅसेट आठवा. कवी, गायक, संगीतकार असत. ढोलकी कोणाची, बेंजो कोणाचा, हे क्वचितच. जेमर्सनची व्यथा आपल्या वादकांना समजावून सांगावी लागणार नाही.

१९८३ साली मोटाउनच्या पंचवीस वर्षांचा मोठा सोहळा झाला. ज्या गाण्यांचा तिथे जयजयकार झाला त्यातल्या कितीतरी गाण्यांचा बेस ज्याचा, तो जेमर्सन तिकीट काढून बाल्कनीत बसला होता. त्याच वर्षी २ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये तो वारला. वय अवघे सत्तेचाळीस. दारूने शरीर पोखरले होते. मृत्यूच्या काही दिवस आधी त्याचे ते जुने बेसही चोरीला गेले होते. कलावंताने प्यायलीच पाहिजे असे मानणारी पोरे आमच्याही पाहण्यात आहेत. त्यांनी शेवटची दहा वर्षे या माणसाच्या हातून काय-काय निसटले ते पाहावे.

जेमर्सननंतर लॅरी ग्रॅहम यांचे नाव घ्यावे लागते. ऑकलंडमध्ये ते आईच्या सोबतीने क्लबमध्ये वाजवत. ऑर्गन बिघडला म्हणून खर्जाच्या सुरांसाठी त्यांनी एक बेस चक्क भाड्याने आणले. ताफ्यात ड्रमवाला उरला नाही तेव्हा ठेक्याची उणीव भरायला ते अंगठ्याने तारेवर ठोका मारू लागले आणि बोटाने तार खेचून सोडू लागले. हीच पुढे जगभर पसरलेली ‘स्लॅप’ पद्धत. भाड्याचे वाद्य आणि नड, यातून ती निघाली.

कॅरोल के या बाईंची हकीकत आमच्या भगिनींनी मुद्दाम वाचावी. जन्म १९३५, घरची गरिबी. चौदाव्या वर्षापासून गिटारच्या शिकवण्या घेऊन त्या घराला हातभार लावत. १९६३ साली लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत बेसवाला आला नाही, तेव्हा त्यांच्या हातात बेस दिले गेले. पुढे हजारो रेकॉर्डिंग त्यांच्या हातून झाली. पुरुषांनी भरलेल्या खोलीत मुलांची आई असलेली ही बाई कागदावरचे सूर वाचून काम चोख करून घरी जाई.

फ्लोरिडाचे जॅको पास्टोरियस यांनी तर आपल्या बेसचे फ्रेट उपटून काढले, खाचा बुजवल्या आणि होडीला लावतात तसला कठीण लेप दांडीवर चढवला. त्यातून सारंगीसारखी मींड निघू लागली. १९७६ सालच्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डने वादक हादरले. तेही पस्तिसाव्या वर्षी, १९८७ साली गेले.

आणि आपली मुंबई? राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत. त्यांची गाणी आपण हजारदा ऐकली, नाव किती जणांना ठाऊक होते? नव्या पिढीत १९९६ साली जन्मलेली मोहिनी डे. वडील सुजॉय डे बेसवादक. त्यांनी तिला तिसऱ्या वर्षापासून शिकवले आणि तिने झाकिर हुसेन, ए. आर. रहमान यांच्यासोबत वाजवले.

आता वहिनींच्या मुलाचे. त्याला आम्ही म्हटले, ‘बाळा, पतपेढीचा फॉर्म तसाच राहू दे. आधी आमच्यासोबत दुकानात चल.’ सध्या, हा लेख लिहिताना, शिकायला आणि ऑर्केस्ट्रात वाजवायलाही पुरेल असे नवे बेस साधारण दहा ते पंचवीस हजारांत मिळते. फेंडरचीच ‘स्क्वायर’ ही स्वस्त पाती १९८२ पासून निघते. यामाहा, आयबानेझ, कॉर्ट यांचीही साधी बेस आहेत. यंत्रांवर लाकूड कापले जाऊ लागल्यापासून स्वस्त वाद्ये पुष्कळ सुधारली. महागात फरक नसतो असे नाही. लाकूड निवडलेले असते, खुंट्या घट्ट, फ्रेटची टोके घासून गुळगुळीत केलेली. पण मंचासमोर बसलेल्याला तो फरक ऐकू येत नाही.

जुने मिळाले तर उत्तम, पण पारखून घ्यावे. अंगाच्या बाजूने डोळा लावून दांडीकडे बघा, सुतार फळी बघतो तसे. पीळ असेल तर फुकट मिळाले तरी नको. मग तार पहिल्या फ्रेटवर आणि दांडी अंगाला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबा. मधल्या फ्रेटवर तारेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट असावी. जास्त असेल तर घाबरू नका, दांडीच्या आत लोखंडी सळई असते, ती किल्लीने आवळता येते. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, कुठे खरखरते का पाहा. बाराव्या फ्रेटवर दाबून आलेला सूर आणि तिथेच बोट नुसते टेकवून आलेला सूर सारखा हवा. थोडा फरक घोडीवरच्या स्क्रूने निघतो. बटण फिरवताना करकर आली तर इलेक्ट्रिकच्या दुकानातला क्लीनरचा फवारा पुरतो, तेवढ्यावरून दुकानदाराशी भाव मात्र करावा. शेवटी पट्टा गळ्यात घालून अर्धा तास उभे राहा. चार किलोचे वाद्य रात्री बारापर्यंत खांद्यावर असते. लहान मुलांना आणि आखूड बोटांच्या माणसांना चौतीस इंचांऐवजी तीस इंच तारेचे बेस सोयीचे.

खर्चाची एक बाजू पालकांना माहीत नसते. घरच्या टेपच्या किंवा होम थिएटरच्या स्पीकरला बेस जोडून आवाज वाढवला तर स्पीकरचा पडदा फाटतो. मोठा ॲम्प्लिफायर लगेच लागत नाही, कार्यक्रमात साउंडवाला वायर थेट घेतो. घरी हेडफोनचे छोटे यंत्र चालते. तारांचा संच महाग असतो, म्हणून वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा पुसायच्या, पावसाळ्यात तर नक्कीच. गुंडाळीच्या तारा मंद पडल्या तर काढून दहा मिनिटे पाण्यात उकळाव्यात, कोरड्या करून परत लावाव्यात. काही आठवडे तरी त्या पुन्हा बोलतात. जुने वादक हेच करीत आले.

मुलाने शेवटी चौदा हजारांचे जुने यामाहा घेतले. आठ हजार स्वतःचे, बाकीचे वहिनींनी भिशीतून दिले. एका खोलीत पाच माणसे, रात्री आवाज करता येत नाही, म्हणून आम्ही त्याला एक युक्ती दाखवली. काही न जोडता बेसचे वरचे टोक लाकडी कपाटाला टेकवून वाजवायचे. कपाट घुमते, वाजवणाऱ्याला हाडातून सूर ऐकू येतो, आणि शेजारी झोपलेली आजी जागी होत नाही.