कुरवाचं वय डोक्यावर नव्हे, पंखावर

हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर कुरव दिसले की कुणीतरी हमखास विचारतं, 'हे समुद्रपक्षी वाट चुकले का?' वाट चुकलेली नसते. तपकिरी डोक्याचा कुरव जन्मतोच मुळी लडाख-तिबेटच्या सरोवरांकाठी. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. सरोवरांकाठी वाढलेल्या पक्ष्याला ते परकं कसं वाटेल?

खरा घोळ डोक्यावरून होतो. 'डोकं पांढरं आहे, म्हणजे हा तो कुरव नव्हेच.' पण वीण उरकली की गडद पिसं झडतात, डोकं पांढरं होतं आणि कानाजवळ एक काळपट ठिपका उरतो. वसंताच्या तोंडावर फक्त डोक्याची आणि अंगाची पिसं पुन्हा बदलतात. त्या दिवसांत एकाच थव्यात पांढरी, चितकबरी आणि पूर्ण तपकिरी डोकी दिसतात. या तीन जाती नव्हेत. काळ्या डोक्याच्या कुरवाची 'टोपी'सुद्धा उन्हात गडद चॉकलेटीच दिसते, म्हणून जात ओळखायची ती पंखावरून. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचं टोक काळं असतं आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके असतात. डोळा फिकट असतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड लांबवर पांढरी असते, डोळा गडद.

'अंगावर तपकिरी डाग असलेली ती मादी,' हेही सर्रास ऐकू येतं. कुरवांत नर-मादीचा पिसारा सारखाच असतो. तो डागाळलेला पक्षी पहिल्या हिवाळ्यातला असतो. अंगावरची पिसं त्याने बदललेली असतात, पण उड्डाणाची पिसं घरट्यात फुटलेलीच राहतात. त्यामुळे पंखावर तपकिरी पट्टा आणि शेपटीच्या टोकाला काळी पट्टी दिसते. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या अशा पिल्लाचा डोळा गडद असतो आणि पंखाच्या टोकाला पांढरे ठिपके नसतात. म्हणून मी तर म्हणेन, बसलेल्या पक्ष्याच्या देखण्या फोटोपेक्षा पंख उघडलेला एक धूसर फोटो कितीतरी कामाचा.

पंख वाचायची ही सवय इतर पक्ष्यांतही कामी येते. शहरावर फिरणाऱ्या घारीच्या पंखात फट दिसली की ती मांज्याने जखमी झाली असं वाटतं. कधी ते खरंही असतं. पण दोन्ही पंखांत त्याच जागी फट असेल तर पिसं बदलत आहेत असं समजावं. घार किंवा कुरव ती थोडी थोडी टाकतात, म्हणून उडणं थांबत नाही. बदकं मात्र उड्डाणाची सगळी पिसं एकदम टाकतात आणि काही आठवडे उडूच शकत नाहीत.

जुनं पीस झिजतं, पण सारखं नाही. काळ्या भागातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य पिसाला बळकटी देतं. पांढरा भाग लवकर कुरतडल्यासारखा होतो.

या दोन कुरवांत पिसांवरून वयाचं वाचन दुसऱ्या हिवाळ्यापर्यंतच चालतं. पुढे कुरव नुसता 'प्रौढ'. तीन वर्षांचा की दहा, हे पिसं सांगत नाहीत. पिल्लूपणी पायात कडं घातलेलं असेल तरच नेमकं वय कळतं. असं कडं दिसलं तर त्यावरचा क्रमांक, तारीख आणि ठिकाण टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावं.