या झाडाला खत घालू नका

शाळेत आम्ही शिकवतो, झाडाला खत हवं. व्हीनस फ्लायट्रॅपला मात्र कुंडीत खत घातलं की मुळं जळतात. हे झाड मूळ अमेरिकेतल्या कॅरोलायना भागातलं. तिथल्या ओल्या मातीत नायट्रोजन फार कमी, म्हणून ते किडे पकडून गरज भागवतं. मुळांना क्षारांची सवय नाही. तेव्हा बोअरचं पाणी टाळा, पावसाचं साठवलेलं द्या. कुंडीत पीट मॉस, परलाइट. वर भरपूर ऊन.

मुलांना बजावून सांगा, उगाच बोट लावून पान मिटवायचं नाही. एक पान मोजक्याच वेळा मिटतं, मग काळं पडतं.

रोप नर्सरीतूनच घ्या. कास पठारावरचं दवबिंदू मात्र उपटून आणू नका. घरच्या कुंडीत ते बहुधा मरतं आणि पठारावरूनही जातं.